थेंब आणि तार

(अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याची राजधानी रॅले. या शहराला लागूनच कॅरी हे गाव आहे. तेथे बरीच मराठी कुटुंबे राहतात. सुट्टीच्या दिवशी त्यांची मुले मराठी लिहायला-वाचायला शिकण्यासाठी एकत्र जमतात. अशाच एका वर्गात शाईचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी केलेले हे भाषण आहे. शाईच्या एवढ्याशा थेंबामागे किती विचार असतो, ते त्यांनी साध्या उदाहरणांनी समजावून सांगितले आहे.)



तुमच्या बाई मला म्हणाल्या, "मुलांना काहीतरी विज्ञानाचे सांगा, पण मराठीतून सांगा हं!" मी शाईच्या प्रयोगशाळेत काम करते. तेव्हा आज मी शाईविषयी बोलणार आहे. सगळ्या शाईविषयी नव्हे, तर शाईच्या एका थेंबाविषयी. भाषण मोठे आणि विषय एवढासा! पण ऐका तर खरे.

आपण बसलो आहोत त्या कॅरी गावापासूनच सुरुवात करू. १८७१ साली या वस्तीला गावाचा दर्जा मिळाला. याच गावात कॉटन इनकॉर्पोरेटेड या संस्थेचे मुख्य कार्यालय आणि प्रयोगशाळा आहेत. अमेरिकेतले कापूस पिकवणारे शेतकरी आणि सुती माल आयात करणारे व्यापारी या संस्थेचा खर्च चालवतात. कापसाचे सूत कसे काढावे, कापड कसे विणावे, ते कसे रंगवावे, त्यावर नक्षी कशी छापावी, याचा तेथे अभ्यास होतो.

माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातले. तिकडे कापसाला पांढरे सोने म्हणतात. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात आणि शेतेच्या शेते पांढरी होतात. त्या कापसाचे सूत होते, सुताचे कापड होते आणि कापडावर फुले, पाने, पक्षी उमटतात. ते कसे उमटतात, हे पाहिले आहे का कोणी?

पूर्वी लाकडाचे ठसे रंगात बुडवून कापडावर दाबत. पुढे जाळीच्या चौकटी आल्या. जाळीवर रंग ओतायचा आणि पट्टीने ओढायचा. या दोन्ही रीतींत रंग चांगला दाट लागतो. आपल्या पिठल्यासारखा म्हणा ना! आता आणखी एक रीत आली आहे. तिला इंकजेट छपाई म्हणतात. तुमच्या घरी कागदावर चित्रे छापणारा छोटा प्रिंटर असेल, तर तो बहुधा याच रीतीने चालतो. या छपाईत कापडाला ठसा लागत नाही, की जाळीही लागत नाही. वरून शाईचे बारीक बारीक थेंब पडतात आणि थेंबाथेंबाने चित्र तयार होते. रांगोळीचे ठिपके असतात ना, तसेच. पण फारच बारीक.

किती बारीक? औषध घालायची काचेची नळी घ्या. तिच्यातून पडणारा एक थेंब डोळ्यांपुढे आणा. त्या एका थेंबाचे सारखे ५० लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे छपाईच्या यंत्रातला एक थेंब! त्याची जाडी माणसाच्या केसाहूनही कमी असते. तो थेंब सायकलपेक्षा जास्त वेगाने धावतो. यंत्रापासून कापडापर्यंतचे अंतर असते एक-दोन मिलिमीटर. तेवढे अंतर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पार करतो. एकेका छिद्रातून सेकंदाला हजारो थेंब निघतात. तुमची पापणी लवते ना, तेवढ्यात शेकडो थेंब कापडावर पोहोचलेले असतात.

हा थेंब बाहेर कसा पडतो? छपाईच्या यंत्रात शाईने भरलेली इवलीशी खोली असते. तिच्या एका भिंतीला वीज दिली की ती किंचित वाकते. खोली आकसते आणि छिद्रातून शाई बाहेर ढकलली जाते. पिचकारीचा दट्ट्या दाबल्यावर पाणी उडते, तसेच हे. मात्र ही पिचकारी फारच लहान असते.

आता खरी गंमत पुढे आहे. छिद्रातून शाई बाहेर येते, तेव्हा ती एकदम गोल थेंब होऊन येत नाही. पुढे गोल डोके आणि मागे लांब शेपटी, अशी ती येते. बेडकाचे पिल्लू पाहिले आहे ना? अगदी तसे! ही शेपटी छिद्राला चिकटलेली असते. ती तुटली तरच थेंब मोकळा होतो. शेपटी कशी तुटते, केव्हा तुटते, यावर सगळी छपाई अवलंबून असते.

शेपटी का तुटावी, हे समजण्यासाठी नळाकडे जाऊ. नळ अगदी थोडा सोडा. पाण्याची बारीक धार वरून खाली येते. वर ती काचेच्या कांडीसारखी सलग दिसते. खाली मात्र तिचे थेंब झालेले असतात. धार तुटली कोणी? कात्री तर कोणी लावली नाही!

धार तोडणारा असतो पृष्ठताण. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरी पडद्यासारखा वागतो. आपला पसारा शक्य तेवढा कमी करावा, अशी त्याची ओढ असते. तेवढ्याच पाण्याचा सर्वांत कमी पसारा गोल थेंबात होतो. म्हणून लांब धारेला गोल व्हायचे असते. धारेत कुठे किंचित बारीक जागा झाली, की पृष्ठताण तेथे तिला आणखी आवळतो. आवळता आवळता धार तुटते.

बेल्जियम देशात जोसेफ प्लाटो नावाचे शास्त्रज्ञ होते. १८४३ च्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्ण गेली; पण त्यांनी हार मानली नाही. प्रयोग कसा मांडायचा ते प्लाटो सांगत. घरची माणसे आणि सहकारी प्रयोग करत. काय दिसले ते त्यांना सांगत. प्लाटो त्यावर विचार करत. धारेचा तुकडा तिच्या घेरापेक्षा लांब झाला की तो टिकू शकत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. १८७३ साली त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञांनी त्याचे गणित मांडले. डोळ्यांना दिसत नसतानाही प्लाटोंना थेंबाचे गुपित दिसले. आहे ना नवल!

मग शाईची शेपटीही पाण्यासारखीच तुटत असेल, असे तुम्हांला वाटेल. शाई पाण्यासारखी पातळ असेल, तर तसेच होते. पण अडचण अशी, की शेपटी एकाच जागी तुटत नाही. तिचे दोन-तीन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा एक पिल्लू-थेंब होतो. मोठा थेंब आपल्या जागी पडतो आणि पिल्लू-थेंब भलतीकडेच पडतात. मग फुलाची कड फिसकटते. पांढऱ्या जागेवर शाईचे ठिपके उठतात.

आता या दोन वाट्या पाहा. या वाटीत साधे पाणी आहे. त्या वाटीत मी काल रात्री पाच-सहा भेंड्या चिरून भिजत घातल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या ताई, इकडे ये. साध्या पाण्यात बोट बुडव आणि वर काढ. काय झाले? थेंब टपकन पडला. आता भेंडीच्या पाण्यात बुडव. हळूच वर काढ. पाहिलेत? थेंब खाली गेला. पण बोटापासून थेंबापर्यंत बारीक तार राहिली! थेंब पडायलाच तयार नाही. तो तारेला लोंबकळतो आहे.

ही तार कुठून आली? भेंडीच्या चिकात लांबच लांब रेणू असतात. लहान लहान कड्या एकमेकींना जोडून साखळी करावी, तसे ते बनलेले असतात. अशा साखळीदार पदार्थाला पॉलिमर म्हणतात. मराठीत त्याला बहुवारिक असेही नाव आहे. डिंक हा पॉलिमर, रबर हा पॉलिमर, प्लॅस्टिक हाही पॉलिमर. कापसाचा धागासुद्धा सेल्युलोज नावाच्या पॉलिमरचाच असतो. इतके मोठे साखळीदार रेणू असतात, हे १९२० साली जर्मनीचे हर्मान स्टाउडिंगर यांनी सांगितले, तेव्हा पुष्कळ विद्वानांना ते पटले नाही. स्टाउडिंगर मात्र पुरावे गोळा करत राहिले. १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पाण्यात शांत असताना या साखळ्या लोकरीच्या गुंड्यासारख्या गुंडाळून बसतात. तार ताणली जाऊ लागली, की गुंडे उलगडतात. साखळ्या सरळ होतात आणि ताणाला विरोध करतात. पृष्ठताण म्हणतो, "तुटा!" साखळ्या म्हणतात, "नाही तुटणार!" या दोघांच्या ओढाताणीत तार टिकून राहते. कधी कधी तारेवर बारीक थेंब ओवल्यासारखे दिसतात. जणू मोत्यांची माळच.

छपाईच्या शाईतही असेच घडते. शाईत पॉलिमर मुळीच नसेल, तर पिल्लू-थेंब उडतात. योग्य तेवढा पॉलिमर असेल, तर शेपटीचे तुकडे होत नाहीत. ती एके ठिकाणी तुटते आणि डोक्यात सामावून जाते. एकच गोल थेंब कापडावर पोहोचतो. पण पॉलिमर जास्त झाला, तर तार तुटतच नाही. थेंबाचा वेग कमी होतो. तो जागेवर पडत नाही. कधी कधी तर ताणलेल्या रबरासारखी तार आखडते आणि बाहेर पडलेला थेंब पुन्हा छिद्रात ओढला जातो! छिद्राच्या तोंडाशी शाई माखते, वाळते आणि छिद्र बुजते.

बरे, जास्त म्हणजे किती? साखळ्या आखूड असतील, तर शाईत पॉलिमर बराच चालतो. साखळ्या फार लांब असतील, तर हजार भाग शाईत एक भाग पॉलिमरही पुष्कळ होतो. म्हणजे किती पॉलिमर घालायचा एवढेच पाहून भागत नाही. साखळी किती लांब आहे, हेही पाहावे लागते.

तुमच्यातला कोणी विचारील, "मावशी, एवढा त्रास देणारा पॉलिमर शाईत घालताच कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे.

कापड रंगवण्याच्या काही रीतींत सगळा रंग सुताला धरत नाही. उरलेला रंग धुऊन काढावा लागतो. त्याला पुष्कळ पाणी लागते. ते रंगीत पाणी तसेच नदीत सोडले, तर नदी खराब होते. आपल्याकडे कित्येक गावांना उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळत नाही. मग कापड धुण्यात इतके पाणी घालवून कसे चालेल? म्हणून दुसरी एक शाई आहे. तिच्यात रंगाची बारीक पूड असते. कापड छापायचे, तापवायचे आणि झाले! नंतर धुण्याची गरज राहत नाही.

पण या पुडीला कापडाला धरून ठेवायला हात नसतात. ती नुसती कापडावर ठेवली, तर झटकली की गेली. तिला सुताशी बांधून ठेवायला काहीतरी चिकट हवे. ते काम पॉलिमर करतो. शाईत पॉलिमर कमी घातला, तर पहिल्याच धुण्यात सदऱ्यावरचे फूल फिके पडते. जास्त घातला, तर थेंबच नीट पडत नाही. शाई बनवणाऱ्यांची ही तारेवरची कसरत असते; आणि ती तारही भेंडीच्या तारेसारखी!

यातून शास्त्रज्ञांनी वाट कशी काढली, ते ऐका. शेवया शिजवून ताटात मोकळ्या सोडल्या, तर त्या एकमेकींत गुंततात. एक उचलली की दहा येतात. पण त्याच शेवयांचे घट्ट लाडू वळले तर? लाडू सुटे सुटे राहतात आणि सहज गडगडतात. शास्त्रज्ञांनी पॉलिमरच्या साखळ्यांचे असेच लाडू वळले. हे लाडू छिद्राच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतात. ते शाईत तरंगत राहतात. साखळ्या लाडवात बंद असल्याने तार धरत नाहीत आणि थेंब नीट पडतो. मग कापड तापवतात. तव्यापेक्षा थोडी कमीच उष्णता म्हणा. सुमारे १५० अंश सेल्सिअस. त्या उष्णतेने लाडू मऊ होतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्यात रंगाची पूड पक्की अडकते. प्रवासात लाडू आणि मुक्कामाला पापुद्रा! किती छान युक्ती!

आपल्या जुन्या लेखकूंनाही अशी एक वस्तू माहीत होती. दिव्याची काजळी, पाणी आणि बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक यांची शाई ते घोटत. बोरूने ती कागदावर उतरवत. डिंक हाही पॉलिमरच. पण भेंडीच्या चिकासारखा तो तार धरत नाही. भेंडीतला रेणू लांब दोरीसारखा असतो. बाभळीच्या डिंकाचा रेणू मात्र पुष्कळ फांद्या फुटलेल्या झुडपासारखा, आटोपशीर असतो. म्हणून पाण्यात बराच डिंक विरघळला, तरी शाई वाहती राहते. जुन्या लोकांना रेणू ठाऊक नव्हते. त्यांनी पाहून, करून आणि पुन्हा करून योग्य वस्तू शोधली होती.

पाण्याला दुप्पट जोराने ढकलले, की ते नळीतून शांतपणे दुप्पट वाहते. पॉलिमर मिसळलेले द्रव हा साधा नियम पाळत नाहीत. अशा द्रवांचा अभ्यास करणारे एक मोठे शास्त्रज्ञ आपल्या मराठी मुलखातले आहेत. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म १९४३ साली गोव्यातील माशेल या गावी झाला. घरी गरिबी होती. आईने कष्ट करून त्यांना मुंबईत शिकवले. १९७६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करू लागले आणि १९८९ साली तिचे संचालक झाले. असे न्यूटनचा नियम न पाळणारे द्रव कसे वाहतात, हा त्यांच्या संशोधनाचा एक विषय होता.

मुलांनो, हे काम अजून संपलेले नाही. पुडीच्या शाईने छापलेले कापड कधी कधी हाताला थोडे कडक लागते. घासले तर रंग थोडा निघतो. पॉलिमर असा हवा, की थेंब गोल पडेल, कापड मऊ राहील, रंग टिकेल आणि पाणीही वाचेल. हे सगळे एकदम कसे साधायचे, यावर कित्येक प्रयोगशाळांत विचार चालू आहे. तुमच्यापैकी कोणाला तरी उद्या याचे उत्तर सापडेल.

त्यासाठी मोठे यंत्र हवेच, असे नाही. आई भेंडीची भाजी करताना तिच्यात ताक, चिंच किंवा आमसूल का घालते, ते तिला विचारा. भेंडीची तार, नळाची धार, पानावरचा दवबिंदू नीट न्याहाळा. नळाखाली भांडे ठेवायला मात्र विसरू नका. धार थेंब कशी होते ते पाहून झाले, की भांड्यातले पाणी झाडाला घाला.

शब्दार्थ

पृष्ठताण – द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागण्याचा गुण
पॉलिमर (बहुवारिक) – लहान रेणू जोडून झालेला लांब साखळीसारखा पदार्थ
लेखकू – हाताने लेखन किंवा नकला करणारा
बोरू – वेताची किंवा लव्हाळ्याची लेखणी
पापुद्रा – पातळ थर
आटोपशीर – पसारा नसलेला

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॅरी गाव कोणत्या राज्यात आहे?
(आ) छिद्रातून बाहेर येणाऱ्या शाईचा आकार कसा असतो?
(इ) भेंडीच्या पाण्याची तार कशामुळे धरते?
(ई) जुने लेखकू शाई कशाची बनवत?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दृष्टी गेल्यावर जोसेफ प्लाटो प्रयोग कसे करत?
(आ) शाईत पॉलिमर जास्त झाला तर काय होते?
(इ) पॉलिमरचे 'लाडू' वळल्याने कोणते दोन फायदे झाले?

प्रश्न ३. कारणे द्या.
(अ) पाण्याची बारीक धार खाली आल्यावर तुटते.
(आ) रंगाच्या पुडीच्या शाईत पॉलिमर घालावा लागतो.
(इ) बाभळीच्या डिंकाची शाई वाहती राहते.

प्रश्न ४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
पापणी लवणे, हार न मानणे, तारेवरची कसरत करणे, वाट काढणे.

उपक्रम : मोठ्या माणसांच्या मदतीने दोन भेंड्या चिरून वाटीभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. साधे पाणी, साखरेचे पाणी आणि भेंडीचे पाणी यांचे थेंब चमच्यातून पाडून पाहा. कोणत्या थेंबाला तार येते, ते वहीत लिहा. मग भेंडीच्या पाण्यात आणखी पाणी घालून पाहा. तार कधी नाहीशी होते?